उंदराचा मेंदू, जीन्स आणि करिअर: खानदेशातून सारखे येणारे प्रश्न

मी मूळची यावल तालुक्यातली, सध्या पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करतेय, काम उंदराच्या मेंदूतल्या जीन्सवर, म्हणजे जनुकांवर. जळगाव-धुळे-नंदुरबारकडची पोरंपोरी, त्यांचे आईवडील आणि काही शेतकरी काका हे तेच तेच प्रश्न पाठवत असतात, म्हणून सगळे एकदाच इथे लिहून ठेवलेत. सोपे वर आहेत, किचकट खाली. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात असेल तर फक्त नंबर दिलाय, तिथे जाऊन बघा.

१. ताई, तुम्ही नेमकं करता काय? उंदराचं डोकं उघडून बघता का?

शेवटी बघतो, पण त्याच्या आधी बरंच काही असतं. एखादा जीन बंद केला किंवा थोडा बदलला तर मेंदू बनताना काय बिघडतं, आणि मोठं झाल्यावर उंदराच्या वागण्यात, आठवणीत, भीतीत काय फरक पडतो हे शोधणं म्हणजे हे काम. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमलाही भरत नाही, त्यात साधारण ७ कोटी न्यूरॉन्स, आपल्यात साधारण ८,६०० कोटी. आकडा लहान आहे पण भाग बहुतेक तेच आहेत.

उदाहरण मुंबईचंच देते. टीआयएफआरमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) शुभा तोळे यांच्या लॅबने २००८ मध्ये दाखवलं की गर्भातल्या उंदराच्या मेंदूत काही पेशींमधून एलएचएक्स२ नावाचा जीन काढला तर त्या पेशी कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) व्हायचं सोडून देतात आणि वर शेजारच्या पेशींना हिप्पोकॅम्पस व्हायला लावतात. हिप्पोकॅम्पस म्हणजे जिथे आठवणी तयार व्हायला सुरुवात होते तो भाग. म्हणजे कोणी काय व्हायचं हे ठरवण्यात या एका जीनचा एवढा मोठा हात. मी एमएस्सीला असताना हे वाचलं आणि मग दुसरं काही करावंसं वाटलंच नाही.

२. उंदीरच का? माकड का नाही, किंवा तो मोठा रॅट का नाही?

माकडाची एक पिढी व्हायला वर्षं जातात. उंदरीण ३ आठवड्यांत विते, पिल्लू ६ ते ८ आठवड्यांत वयात येतं. आपल्या बहुतेक जीन्सचा जोडीदार जीन उंदरात सापडतो, त्याच्याकडे क्रोमोसोमच्या २० जोड्या आणि आपल्याकडे २३ असल्या तरी, आणि त्याच्या जीनोमचा, म्हणजे सगळ्या डीएनएचा, मसुदा २००२ मध्येच छापून आला.

रॅट का नाही याचं कारण वेगळं आहे. शिकण्याच्या बाबतीत रॅट जास्त हुशार, जुने बरेच प्रयोग त्याच्यावरच झाले. पण जीन ठरवून काढायचा तर तेव्हा भ्रूणाच्या स्टेम सेल्स लागायच्या, उंदराच्या त्या १९८१ मध्ये मिळाल्या, रॅटच्या मिळायला २००८ उजाडलं. मधल्या काळात, १९८९ पासून, नॉकआउट उंदीर (ठरवून एखादा जीन बंद पाडलेले) बनायला लागले होते आणि कापेकी, इव्हान्स, स्मिथीज या तिघांना २००७ चं नोबेलही मिळालं. एवढ्या वर्षांत सगळं सामान, सगळे स्ट्रेन (ठरावीक वंश) उंदराभोवतीच गोळा झाले. आता क्रिस्पर नावाचं जीन कापायचं तंत्र आल्यामुळे रॅटमध्येही जीन कापता येतो, पण हातात आहे ते सोडून कोण जातं.

३. हे म्हणजे बीटी कापसासारखंच ना?

अर्धं बरोबर. बीटी कापसात मातीतल्या एका जिवाणूचा जीन बाहेरून घातलाय, त्याला ट्रान्सजेनिक म्हणतात, आणि असे ट्रान्सजेनिक उंदीरही असतात. उदाहरणार्थ अल्झायमर उंदराला आपोआप होतच नाही, म्हणून माणसाचा बिघडलेला जीन त्याच्यात घालतात. नॉकआउट म्हणजे उलटं, त्याचा स्वतःचाच जीन बंद पाडायचा. आणि कापूस शेतात जातो, उंदीर मात्र पिंजऱ्याच्या आणि दोन दारांच्या आत राहतो, बाहेर सोडायला परवानगीच नसते.

४. लॅबचे उंदीर भावाबहिणींच्या मेटिंगमधून तयार करतात असं ऐकलं, मग ते आजारी नाही पडत?

बरोबर ऐकलंय. सलग २० पिढ्या भाऊ-बहीण मेटिंग झालं की त्या स्ट्रेनला इनब्रेड म्हणतात. असं करायचं कारण, सगळे जवळजवळ एकसारखे हवेत. रावेरकडे टिश्यू कल्चरच्या केळीचा प्लॉट बघितला असेल, सगळी झाडं सारखी, मग एका ओळीला वेगळं खत दिलं तर फरक खताचाच हे कळतं, तसंच. सुरुवातीला बऱ्याच वंशावळी पिल्लं न झाल्याने संपून जातात, ज्या टिकल्या त्या आज आपण वापरतो.

पण टिकल्या म्हणजे निर्दोष असं नाही. सगळ्यात जास्त वापरला जाणारा काळा उंदीर, सी५७बीएल/६, आम्ही नुसतं 'ब्लॅक सिक्स' म्हणतो, त्याला वय वाढलं की ऐकू कमी येतं, जन्मजात त्याच्या जीनमध्येच आहे ते. आता आवाजाने घाबरवायचा प्रयोग म्हाताऱ्या ब्लॅक सिक्सवर केला आणि तो घाबरला नाही, तर तो शूर नाही, बहिरा आहे. फार्मसी कॉलेजात दिसतो तो पांढरा स्विस उंदीर, तो वेगळा, तो इनब्रेड नसतो.

५. गणपतीचं वाहन मारता, पाप लागत नाही का? (हा प्रश्न बहुतेक आज्यांकडून, नातवाच्या मोबाईलवरून येतो)

आजी, मारावं लागतं हे खरं आहे, ते मी लपवत नाही. पण मनाला येईल तसं नाही करता येत. १९६० चा प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा आहे, त्याखाली सीसीएसईए नावाची केंद्राची समिती आहे (जुनं नाव सीपीसीएसईए), आणि प्रत्येक संस्थेत एथिक्स कमिटी बसते. किती उंदीर लागणार, तेवढेच का, कमी का नाही, वेदना कशी टाळणार, हे सगळं लेखी द्यायचं आणि मग मंजुरी. कमिटीत बाहेरचे लोकही असतात, आणि ते खरंच आकडे कापतात. ज्या प्रश्नाचं उत्तर पेशींच्या डिशमध्ये किंवा कॉम्प्युटरवर मिळतं त्यासाठी उंदीर मागितला तर फाइल परत येते, यायलाच पाहिजे.

ज्याला हे मनापासून पटत नाही त्याने या कामात येऊ नये, त्यात कमीपणा काही नाही. मेंदूवरच काम करायचं असेल तर फळमाशी आहे, डेटा आहे, प्रश्न १७ बघा.

६. नीटला कमी मार्क पडले, बारावी सायन्स आहे, आता या लाइनला कसं यायचं?

पहिलं म्हणजे ही लाइन नीटचं उरलंसुरलं नाहीये, त्यामुळे 'आता निदान हे तरी' अशा मूडमध्ये येऊ नका, पाच वर्षांनी जड जातं. रस्ते दोन आहेत. बारावीनंतर आयसरची (विज्ञान शिक्षण-संशोधनाची केंद्राची संस्था) परीक्षा (आयएटी), पाच वर्षांचा बीएस-एमएस, पुण्यात आयसर आहेच. नाहीतर साधी बीएस्सी, जळगावचं मूळजी जेठा असो, अमळनेरचं प्रताप असो, आणि मग एमएस्सी. दुसऱ्या रस्त्यानेही लोक पोचतात, फक्त प्रॅक्टिकलचा अनुभव स्वतः गोळा करावा लागतो. तीन सायन्स अकॅडमी मिळून समर फेलोशिप देतात, दोन महिने कुठल्यातरी चांगल्या लॅबमध्ये, टीआयएफआरचा पण उन्हाळ्याचा प्रोग्राम असतो. फॉर्म हिवाळ्यात निघतात आणि आपल्याकडच्या पोरांना ते उन्हाळ्यात कळतं, दरवर्षी हेच. बारावी बोर्डात वरच्या १ टक्क्यात असाल आणि बेसिक सायन्सला गेलात तर इन्स्पायरची वर्षाला ८०,००० ची शिष्यवृत्ती आहे, ती सोडू नका.

पीएचडीसाठी मग सीएसआयआर-नेट, टीआयएफआर-एनसीबीएसची एंट्रन्स वगैरे. उंदरांवर मेंदूचं काम बेंगळुरूला एनसीबीएस, आयआयएससी आणि जेएनसीएएसआर इथे, हरियाणात मानेसरला एनबीआरसी, मुंबईत टीआयएफआर आणि पुण्यात आयसरला चालतं.

७. माझं सगळं शिक्षण मराठी मीडियमचं, घरी अहिराणी. इंग्लिशमुळे मागे पडेन का?

पहिलं वर्ष-दीड वर्ष जर्नल क्लबमध्ये (शोधनिबंध, म्हणजे पेपर, वाचून चर्चा करतात तिथे) तोंड उघडायला जीव जातो, नंतर जातं निघून. पेपरचं इंग्लिश तसं कोरडं असतं, ठरावीक शब्द, ठरावीक वाक्यं, रोज एक वाचला की सवय होते. मला जास्त नडतं ते स्टॅटिस्टिक्स, आणि ते इंग्लिश मीडियमवाल्यांनाही नडतं. ज्यांना विचारायची लाज वाटत नाही ते पुढे जातात, मीडियम कुठलंही असो.

८. पगार किती? मुलीचं वय निघून जाईल का? (हे पालकांसाठी)

काका-काकू, हिशोब सरळ आहे. जेआरएफला (पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप) महिना ३७,००० अधिक घरभाडं, दोन वर्षांनी एसआरएफ (तिची पुढची पायरी) झाल्यावर ४२,००० अधिक घरभाडं, हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. पीएचडीनंतर रिसर्च असोसिएट म्हणून ५८,००० पासून पुढे. हे पैसे दर महिन्याच्या महिन्याला येतातच असं मात्र धरू नका, कधी तीन-चार महिन्यांचे एकदम येतात, त्यामुळे थोडी शिल्लक बाजूला ठेवायला शिकवा.

वय म्हणाल तर एमएस्सी २३ ला, पीएचडी पाच-सहा वर्षं, म्हणजे २९ च्या आसपास, मग पोस्टडॉक, पक्की नोकरी लागेपर्यंत ३३-३५ सहज होतं. मुलाचंही तेवढंच होतं पण त्याच्याबद्दल हा प्रश्न मला अजून कोणी पाठवलेला नाही. लग्न मधे करता येतं, करतात लोक, मूलही होतं. फक्त गरोदरपणात फॉर्मॅलिन आणि बेशुद्धीच्या गॅसपासून लांब राहावं लागतं, तेव्हा ते काम लॅबमधलं दुसरं कोणीतरी करतं, आधी सांगायचं एवढंच.

९. रोजचा दिवस कसा जातो?

सकाळी आधी अॅनिमल हाउस. चपला बाहेर, वेगळे कपडे, टोपी, मास्क. आत २२ डिग्री, १२ तास उजेड १२ तास अंधार, बाराही महिने. गर्भातला मेंदू बघायचा असेल तर रात्री मेटिंग लावलेल्या माद्या सकाळी एकेक उचलून बघायच्या, प्लग (मेटिंग झाल्याची खूण) दिसला की त्या दिवसाला अर्धा दिवस धरून मोजणी सुरू, कारण अमुक दिवशी अमुक थराचे न्यूरॉन्स जन्मतात आणि एक दिवस चुकला की दुसराच थर हातात येतो. २१ दिवसांची पिल्लं आईपासून वेगळी करायची, नर एकीकडे मादी एकीकडे, कानाला छोटं भोक पाडून नंबर द्यायचा, आणि तोच कानाचा कण जीनोटायपिंगला (कोणात जीन आहे, कोणात बंद आहे हे तपासायला) न्यायचा.

मग लॅब. कानाच्या कणातून डीएनए काढायचा, पीसीआर लावून हव्या त्या तुकड्याच्या खूप प्रती करायच्या, जेलमध्ये पळवून ते लांबीप्रमाणे वेगळे करायचे. यूव्हीखाली पट्ट्या दिसतात: फक्त वरची पट्टी म्हणजे नॉर्मल, फक्त खालची म्हणजे नॉकआउट, दोन्ही म्हणजे हेट, एक प्रत चालू एक बंद (प्रायमर, म्हणजे पीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे, कसे घेतलेत त्यावर वर-खाली उलटंही असतं). मी बघितलेलं सगळ्यात निराश करणारं दृश्य म्हणजे पूर्ण जेलभर दोन-दोन पट्ट्या, म्हणजे सगळे हेट, म्हणजे पुन्हा मेटिंग. दुपारनंतर क्रायोस्टॅटवर (गोठवून काप काढायचं मशीन) मेंदूचे केसापेक्षा बारीक काप, किंवा वागणुकीच्या टेस्ट, किंवा मायक्रोस्कोप. रविवार असतो, पण उंदरांना तो माहीत नसतो.

१०. एवढं वेळ का लागतो? जीन तर काही दिवसांत कापता येतो म्हणे?

कापता येतो, पण पुढचं कॅलेंडर उंदराचं असतं, तुमचं नाही. पीएचडीला येणाऱ्यांना मी हे सगळ्यात आधी सांगते आणि कोणालाच ते खरं वाटत नाही. गणित करू. दोन्ही पालक हेट असले तर चारातलं एक पिल्लू नॉकआउट. दोन जीन एकदम काढायचे असले तर सोळातलं एक. फक्त नर हवा तर बत्तीसातला एक. ब्लॅक सिक्सला एका वेळी सहा-सातच पिल्लं, त्यातली एक-दोन कधी आईच खाते, विशेषतः शेजारी बांधकामाचा आवाज चालू असेल तर. गर्भ ३ आठवडे, मग टेस्टच्या वयाचं व्हायला ८ ते १२ आठवडे. म्हणजे मेटिंग लावल्यापासून प्रयोगापर्यंत अडीच ते साडेतीन महिने, आणि दोन लाइन (वेगवेगळे जीन बंद असलेले वंश) आधी एकमेकांत आणायच्या असतील तर एक अख्खी पिढी अजून.

आणि एक खोडा, दोन्ही जीन एकाच क्रोमोसोमवर जवळजवळ बसलेले असतील तर हे सोळातलं एक वगैरे विसरा. ते एकत्रच वारशाने जातात, दोघांचा नॉकआउट मेटिंगने जवळपास मिळतच नाही. सुरू करण्याआधी दोघांचा पत्ता बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

११. नॉकआउट केलं आणि उंदीर एकदम नॉर्मल निघाला, पीएचडी बुडाली का?

बऱ्याच वेळा असं होतं. कधी त्या जीनचा भाऊबंद दुसरा जीन काम सांभाळून घेतो, कधी तुमची टेस्ट चुकीची असते. पोहण्याच्या भुलभुलैयात, म्हणजे दुधाळ केलेल्या पाण्यात लपवलेला फलाट शोधायचा, त्यात उंदीर पास झाला म्हणून भीतीची आठवणही ठीक आहे असं होत नाही. चांगला गाइड असेल तर नॉर्मल निघालेला उंदीरही छापला जातो. गाइड निवडताना त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना हेच विचारा, की रिझल्ट निगेटिव्ह आला तेव्हा सर काय म्हणाले.

उलटी अडचण म्हणजे नॉकआउट गर्भातच मरतो. त्याचं उत्तर खाली.

१२. क्री-लॉक्स म्हणजे काय, सगळे तेच का वापरतात?

जीन पूर्ण शरीरातून काढला आणि पिल्लू जन्मालाच आलं नाही, तर मेंदूबद्दल काय कळणार? म्हणून जीनच्या दोन्ही बाजूंना लॉक्स नावाची खूण लावायची, आणि क्री नावाचं एन्झाइम (हे मूळ एका व्हायरसचं, बॅक्टेरियाला लागणाऱ्या) फक्त हव्या त्या पेशींत सोडायचं. जिथे क्री, तिथे जीन कापला जाणार, बाकी शरीर शाबूत.

आता यात मेख. काही क्री लाइन्स कधीमधी शुक्राणूत किंवा अंड्यातही चालू होतात, मग पुढच्या पिल्लात जीन सगळीकडूनच गेलेला असतो आणि तुम्हाला वाटतं फक्त मेंदूतून गेलाय. त्यामुळे पट्टी बघताना कापलेल्या जीनची पट्टी कानाच्या डीएनएत दिसते का हेही बघायचं. आणि कंट्रोलमध्ये (तुलनेसाठीच्या गटात) नुसता क्रीवाला उंदीर ठेवायचा, कारण क्री स्वतःही कधी त्रास देतं. छापण्याआधी पेपर तपासणारे रिव्ह्यूअर हे पहिलं विचारतात.

१३. आमच्या लॅबमध्ये पेपरमधला रिझल्ट येत नाही, पेपर खोटा समजायचा का?

लगेच नाही. १९९९ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये एक अभ्यास आला, अमेरिका-कॅनडातल्या तीन लॅब, तेच स्ट्रेन, त्याच टेस्ट, वेळापत्रकसुद्धा जुळवलेलं, तरी काही टेस्टमध्ये लॅबप्रमाणे उत्तरं बदलली. २०१४ मध्ये मॉन्ट्रियलच्या लॅबने दाखवलं की पुरुष प्रयोग करत असेल तर त्याच्या वासानेच उंदरांना ताण येतो, बाईच्या वासाने तेवढा नाही. (हे मी आमच्या लॅबमधल्या पोरांना दर महिन्याला ऐकवते.)

त्यात स्ट्रेनची भानगड. ब्लॅक सिक्समध्येच जे आणि एन असे दोन फाटे आहेत. एनमध्ये बऱ्याचदा डोळ्याचा एक म्युटेशन असतो, जेमध्ये दुसऱ्या एका जीनचा तुकडा गायब. नॉकआउट एनवर बनलेला आणि कंट्रोल म्हणून विकत आणला जे, तर फरक कशाचा? म्हणून कंट्रोल नेहमी त्याच वितीतली भावंडं. हे एवढं सगळं तपासूनही जमलं नाही, तर मग पेपरवर शंका घ्या, आणि लेखकांना सरळ ईमेल करा.

१४. उंदीर बरे होतात पण माणसं का नाही? मग उपयोग काय?

हा सगळ्यात टोचणारा प्रश्न आहे. रेट सिंड्रोम घ्या, मेंदूच्या वाढीचा जीनमुळे होणारा आजार, बहुतेक मुलींना होतो, एमईसीपी२ नावाचा जीन कारणीभूत हे १९९९ मध्ये कळलं. २००७ मध्ये एडिनबरात एड्रियन बर्ड यांच्या गटाने वयाने मोठ्या झालेल्या उंदरात तो जीन परत चालू केला आणि लक्षणं बरीच मागे गेली. म्हणजे मेंदू कायमचा वाया गेलेला नव्हता. हे उंदराशिवाय कळलंच नसतं. पण मुलींसाठी पहिलं औषध अमेरिकेत मंजूर व्हायला २०२३ आलं, आणि तेही लक्षणं कमी करतं, मुळापासून बरं नाही करत.

फ्रॅजाइल एक्स या जीनमुळे होणाऱ्या दुसऱ्या आजारात तर जास्त वाईट झालं, एका प्रकारच्या औषधांनी उंदीर छान सुधारले, माणसांवरच्या ट्रायलमध्ये फायदा दिसला नाही. कारणं बरीच असू शकतात, मोठ्या वयात औषध दिलं, मोजलं चुकीचं, किंवा उंदीर तेवढा माणसासारखा नाहीच. माझं मत, उंदीर यंत्रणा सांगतो, औषधाची हमी देत नाही, आणि 'ऑटिझमवर इलाज सापडला' अशी बातमी आली की आधी बघा तो कोणात सापडला.

१५. माझ्या मुलाला फिट्स येतात, बोलायलाही उशीर आहे, तुमच्याकडे औषध आहे का?

ताई, दादा, नाही. मी डॉक्टर नाही, आणि आमच्याकडे माणसाला द्यायचं काहीच नसतं. मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, आणि जीनची तपासणी करायची का हे त्यांना स्वतःहून विचारा. चालू असलेल्या फिट्सच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करू नका, त्याने फिट्स वाढतात. जुने रिपोर्ट फेकू नका.

१६. उंदरांवर पीएचडी केलीय तर शेतातल्या उंदरांवर काहीतरी सांगा ना भो?

काका, तुमच्या बांधावरचा बहुतेक वेगळाच प्राणी आहे, आणि माझे उंदीर आयुष्यात बिळात गेलेले नाहीत. कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

१७. शिकून खानदेशात परत येऊन हे काम करता येईल का?

नॉकआउट उंदरांची कॉलनी जळगावात उभी करणं सध्या अवघड आहे, खरं सांगते. मेमध्ये बाहेर ४५ आणि आत २२ ठेवायचं, तेही एक रात्रसुद्धा न चुकता. लाइट गेली आणि जनरेटर लागला नाही तर वर्षांची वंशावळ सकाळपर्यंत संपते. शिवाय बाहेरून उंदीर आणायचा तर परवानग्या, क्वारंटाइन, जनुक-बदल केलेल्या प्राण्यांसाठी बायोसेफ्टीची वेगळी मंजुरी. हे मोठ्या संस्थेलाच झेपतं.

पण मेंदू आणि जीन्स यांच्यावर काम करायला दर वेळी पिंजरा लागत नाही. सिएटलच्या अॅलन इन्स्टिट्यूटने २००६ मध्ये उंदराच्या मेंदूत साधारण २०,००० जीन्स कुठे कुठे चालू असतात याचा अॅटलस पूर्ण केला आणि तो फुकट उघडा ठेवलाय. बहिणाबाई चौधरी विद्यापीठातल्या एमएस्सीच्या पोरीला यावर आख्खा प्रोजेक्ट करता येतो, इंटरनेट असलं की बस. आणि फळमाशी: बाटल्या, मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगर (घट्ट करायची जेलीसारखी पावडर), एक साधा मायक्रोस्कोप. दहा-बारा दिवसांत नवी पिढी, आणि आपल्या मेंदूच्या बऱ्याच जीन्सचे जोडीदार तिच्यातही आहेत. एथिक्स कमिटीची फाइलही लागत नाही. २५ डिग्रीचा एक इनक्युबेटर मात्र घ्यावाच लागेल, कारण तीसच्या वर गेलं की नर माशा नापीक होतात आणि आपल्याकडे तीसच्या खाली असतंच कधी.